मेटफॉर्मिन : शुगरच्या गोळीचे उपयोग, धोके आणि सीमाभागातल्या रुग्णांनी घ्यायची काळजी

गुडीहत्नूर (जि. आदिलाबाद) : नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून इंद्रवेल्ली-उटनूरकडे जिथे फाटा फुटतो, ते गुडीहत्नूर. घरात मराठी, बाजारात तेलुगू, आजूबाजूच्या गुड्यांत गोंडी आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवर इंग्रजी, असा इथला रोजचा व्यवहार. इथला शुगरचा पेशंट महिन्याची गोळी सरकारी दवाखान्यातून आणतो. त्रास वाढला की आदिलाबादला रिम्समध्ये जातो. लेकीकडे किनवटला किंवा भावाकडे पांढरकवड्याला गेला की तिथल्या डॉक्टरलाही दाखवून येतो. तीन ठिकाणच्या तीन पाकिटांवर तीन वेगवेगळी नावे असतात. आतले औषध मात्र बऱ्याचदा एकच असते, ते म्हणजे मेटफॉर्मिन.

टाइप २ मधुमेहात जगभर सगळ्यात जास्त वापरली जाणारी ही गोळी आहे. ती स्वस्त आहे, जुनी आहे आणि नीट घेतली तर सुरक्षित आहे. पण तीच गोळी दोन नावांनी दुप्पट पोटात गेली, किडनी कमजोर असताना चालू राहिली किंवा जोडगोळीतले दुसरे औषध न ओळखता घेतली, तर जिवावर बेतू शकते. म्हणून पाकिटावरचे मूळ नाव ओळखणे ही सीमाभागातल्या पेशंटसाठी पहिली गरज आहे.

थोडक्यात माहिती

• औषधाचे मूळ नाव : मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड
• कशासाठी : टाइप २ मधुमेह
• मिळणाऱ्या गोळ्या : ५००, ८५० आणि १००० मिलिग्रॅम, साधी आणि सावकाश विरघळणारी (एसआर, एक्सआर किंवा ईआर)
• कधी घ्यायची : जेवताना किंवा जेवणानंतर लगेच
• दिवसाची मर्यादा : साधारण २००० मिलिग्रॅम, साध्या गोळीची कमाल २५५० मिलिग्रॅम
• नेहमीचा त्रास : मळमळ, गॅस, पातळ शौच, तोंडाला धातूसारखी चव
• कोणी घेऊ नये : किडनीचे काम खूप कमी झालेले, लिव्हरचा गंभीर आजार असलेले, अति दारू पिणारे

गोळी आली कुठून?

युरोपात गॅलेगा नावाची एक रानवनस्पती आहे. तिच्यातल्या द्रव्यांमुळे रक्तातली साखर कमी होते, हे लक्षात आल्यावर त्याच जातीची रसायने प्रयोगशाळेत तयार होऊ लागली. मेटफॉर्मिन पहिल्यांदा १९२२ मध्ये डब्लिन येथे तयार झाले. मधुमेहाच्या रुग्णांवर ते वापरून त्याचे निष्कर्ष फ्रान्सचे डॉक्टर जां स्टर्न यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेने मात्र त्याला १९९४ मध्ये परवानगी दिली.

या उशिरामागे कारण होते. मेटफॉर्मिनचे भावंड म्हणावे असे फेनफॉर्मिन नावाचे औषध होते. त्याने रक्तात आम्ल साठून माणसे दगावू लागली, म्हणून १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ते बंद झाले. भारतातही २००३ मध्ये त्यावर बंदी आली. मेटफॉर्मिनमध्ये हा धोका फारच कमी आहे, पण शून्य नाही. किडनीची तपासणी का करायची, याचे मूळ इथे आहे.

१९९८ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. त्यात वजन जास्त असलेल्या मधुमेहींमध्ये मेटफॉर्मिनमुळे हार्ट अटॅकचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी दिसले. तेव्हापासून टाइप २ मधुमेहाची पहिली गोळी म्हणून तिचे स्थान पक्के झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ती आहे.

शरीरात ती काय करते?

आपले लिव्हर रात्रंदिवस थोडी थोडी साखर तयार करून रक्तात सोडत असते. मधुमेहात हे काम गरजेपेक्षा जास्त होते. मेटफॉर्मिन लिव्हरच्या या कामाला आवर घालते. शिवाय शरीरात आधीच असलेले इन्सुलिन जास्त चांगल्या रीतीने वापरले जाते.

ही गोळी स्वादुपिंडाला पिळून जास्त इन्सुलिन काढत नाही. त्यामुळे नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शुगर एकदम खाली जाऊन चक्कर येण्याची भीती फार कमी असते. वजनही वाढत नाही, उलट थोडे उतरू शकते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी या गोळीने साधारण १ ते १.५ अंकांनी खाली येते.

कोणाला दिली जाते?

उपाशीपोटी शुगर १२६ किंवा जास्त, साखरेचे पाणी पाजून दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आल्यास मधुमेह धरला जातो. बहुतेक वेळा खात्रीसाठी तपासणी पुन्हा केली जाते. त्यानंतर आहार, चालणे-फिरणे आणि मेटफॉर्मिन अशी सुरुवात होते.

‘मी तर बारीक आहे, शेतात राबतो, मला कशी शुगर होईल?’ असे अनेकजण म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने या समजाला धक्का दिला. त्यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि ब्रिटनमधल्या एका डॉक्टर मित्राची तुलना मांडली. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचा एकच, २२.३. पण मित्राच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसातही चरबी लपलेली असू शकते आणि मधुमेह होऊ शकतो. त्यामुळे तिशीनंतर आशाताई तपासणीला बोलावतात तेव्हा बारीक माणसानेही जावे.

मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना आणि पीसीओएसचा त्रास असलेल्या महिलांनाही काही वेळा डॉक्टर ही गोळी देतात. शेजारच्या बाईला पीसीओएससाठी गोळी चालू असली म्हणून तिला शुगर आहे, असा अर्थ काढू नये. टाइप १ मधुमेहात मात्र ती इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही.

डोस कसा वाढवतात?

सुरुवात बहुधा ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीने होते. पोटाला सवय झाली की आठवड्या-दोन आठवड्यांनी डोस वाढवतात. गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळ जास्त होते, म्हणून जेवणासोबत घ्यावी.

एसआर गोळी चावू नये, कुटू नये, पाण्यात विरघळवू नये. ती दिवसभर सावकाश सुटण्यासाठी बनवलेली असते. कधी कधी तिचे रिकामे टरफल शौचात दिसते. गोळी ‘पचली नाही’ असे वाटून काहीजण दुसरी घेतात, ती चूक आहे. औषध आत उतरलेले असते, बाहेर येते ते फक्त कवच.

एखादी गोळी विसरली तर पुढच्या जेवणाला ठरलेली तेवढीच घ्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

पाकिटावर नेमके काय वाचायचे?

सीमाभागातल्या पेशंटची चूक होते ती इथे. पाकिटावर ठळक दिसते ते कंपनीने दिलेले नाव. ते दुकानागणिक बदलते. औषधाचे मूळ नाव आणि त्याचे मिलिग्रॅमही पाकिटावर छापलेले असतात. तेच वाचायचे किंवा घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यायचे.

एक उदाहरण पाहू. सरकारी दवाखान्याने मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ दिली, म्हणजे दिवसाला १००० मिलिग्रॅम. सीमेपलीकडच्या खासगी डॉक्टरने दुसऱ्या नावाची गोळी लिहिली. तिच्यात ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम आहे, तीही दोन वेळा. आधीची गोळी चालू आहे हे पेशंटने सांगितले नाही. आता पोटात मेटफॉर्मिन ३००० मिलिग्रॅम जाते, म्हणजे मर्यादेच्या वर. शिवाय शुगर खाली पाडणारे दुसरे औषध आले ते वेगळेच. डॉक्टर दोघेही बरोबर आणि पेशंट मात्र अडचणीत!

नावापुढे जी१, जी२ असे अक्षर-अंक असले तर बहुधा त्यात ग्लिमेपिराइड असते. पण या अक्षरांवर भरवसा ठेवू नये, कारण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते. मेडिकलवाल्याला सरळ विचारावे : ‘यात किती औषधे आहेत, कोणती आणि किती पॉवरची?’

जोडगोळी आणि शुगर एकदम उतरणे

ग्लिमेपिराइड हे स्वादुपिंडातून जास्त इन्सुलिन सोडायला लावणारे औषध आहे. ते चांगले काम करते, स्वस्तही आहे. पण गोळी घेतली आणि जेवण राहिले, तर शुगर धोकादायक पातळीवर घसरते. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी गोळी टाकून, चहा पिऊन शेत गाठायचे आणि भाकरी दुपारी दोनला खायची, ही सवय अशा पेशंटला घातक ठरते. नियम साधा आहे : ताट समोर असेल तरच ही गोळी तोंडात.

शुगर ७० च्या खाली गेल्याची लक्षणे : हातापायाला थरथर, दरदरून घाम, छातीत धडधड, एकाएकी भूक, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात बरळणे. अशा वेळी :

• माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यावी.
• १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी. बरे वाटल्यावर भाकरी-भात काहीतरी खायला द्यावे.
• बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. १०८ ला फोन करावा. हा नंबर तेलंगणातही चालतो आणि महाराष्ट्रातही.
• ग्लिमेपिराइडचा असर चोवीस तासांपर्यंत टिकू शकतो. म्हातारी माणसे आणि किडनीचे पेशंट साखर दिल्यावर उठून बसले तरी त्यांना दवाखान्यात न्यावे, कारण शुगर पुन्हा उतरू शकते.

किडनी आणि मेटफॉर्मिन

‘या गोळीने किडनी खराब होते’ हा गावोगावचा समज. खरी गोष्ट उलटी आहे. किडनी बिघडवते ती ताब्यात नसलेली शुगर आणि बीपी. मेटफॉर्मिन मात्र किडनीवाटेच शरीराबाहेर पडते. किडनी आधीच कमजोर असेल तर औषध अंगात साठते आणि मग त्रास देते.

म्हणून वर्षातून एकदा तरी रक्तातले क्रिएटिनिन तपासावे. त्यावरून ईजीएफआर नावाचा आकडा काढतात. तो ४५ च्या खाली गेला तर डॉक्टर डोस कमी करतात, साधारण निम्मा. नवीन पेशंटला तर शक्यतो सुरूच करत नाहीत. ३० च्या खाली गेला तर मेटफॉर्मिन बंद. तपासणीचा कागद जपून ठेवावा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला दाखवावा.

अंगदुखीच्या गोळ्या हा आणखी एक छुपा शत्रू. फवारणी, निंदणी, वेचणी करून अंग मोडून येते आणि किराणा दुकानातून डायक्लोफिनॅकसारखी गोळी घेतली जाते. शुगरच्या पेशंटने ती रोज घेतली तर किडनीवर ताण येतो आणि मेटफॉर्मिनचाही धोका वाढतो.

गोळी थांबवायचे दिवस

एरवी मेटफॉर्मिन मनाने बंद करू नये. पण काही दिवस असे असतात की ती तात्पुरती थांबवणेच शहाणपणाचे असते :

• जोरदार जुलाब-उलट्या होऊन अंगातले पाणी गेले असेल
• खूप ताप, जंतुसंसर्ग किंवा उन्हाचा झटका बसून खाणे-पिणे बंद असेल
• मोठे ऑपरेशन ठरले असेल
• शिरेतून रंगद्रव्य सोडून सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी करायची असेल

स्कॅनच्या वेळी गोळी थांबवायची की नाही, हे किडनीच्या आकड्यावर ठरते. थांबवली तर ४८ तासांनी किडनी तपासून पुन्हा सुरू करतात. आजारपणात थांबवली असेल तर नीट खाणे-पिणे सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की डॉक्टरला विचारून चालू करावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र आजारपणात इन्सुलिन स्वतःहून कधीच बंद करू नये.

आदिलाबादचा मे महिना सोपा नाही. उन्हात काम करून लघवी कमी आणि गडद होत असेल तर तो पाणी कमी पडल्याचा इशारा समजावा.

असे दिवस जपायचे ते लॅक्टिक अॅसिडोसिससाठी, म्हणजे रक्तात आम्ल साठण्यासाठी. एक लाख पेशंटनी वर्षभर गोळी घेतली तर दहाहून कमी जणांना तो होतो, पण झाला तर जीवघेणा असतो. जोराचा किंवा धाप लागल्यासारखा श्वास, पोटात दुखणे, उलट्या, स्नायूंत गोळे, कमालीची सुस्ती ही त्याची लक्षणे. अशा वेळी घरी थांबू नये.

दारूचा संबंधही इथेच येतो. मोहाची असो, शिंदी असो की दुकानातली, जास्त दारूने लिव्हर आम्लाचा निचरा करू शकत नाही. त्यात जोडगोळी घेतलेली असेल आणि पोट रिकामे असेल, तर शुगर उतरलेला माणूस ‘प्यायलाय, पडू द्या’ म्हणून तसाच सोडून दिला जातो. असे प्राण जाऊ शकतात.

पोटाचा त्रास आणि बी१२

पातळ शौच, गॅस, मळमळ हे सुरुवातीच्या काही आठवड्यांत होते आणि बहुतेकांचे आपोआप थांबते. थांबले नाही तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा एसआर गोळी देतात. या त्रासाला कंटाळून गोळी फेकून देण्याआधी एवढे विचारायला हवे.

काही वर्षे गोळी चालली की शरीरात जीवनसत्त्व बी१२ कमी पडू शकते. पायांना मुंग्या, बधिरपणा, थकवा, रक्त कमी होणे ही लक्षणे दिसतात. पायाच्या मुंग्या शुगरमुळेही येतात, त्यामुळे बी१२ ची कमतरता नजरेआड होते. बी१२ मिळते ते दूध, अंडी, मांस-मासे यांतून. माळकरी घरांत आणि दूधही बेताचेच असलेल्या घरांत ही तपासणी आवर्जून करून घ्यावी. कमतरता असेल तर उपाय सोपा आणि स्वस्त आहे, गोळी किंवा इंजेक्शन.

सिकलसेल असेल तर एचबीए१सी फसवू शकते

आदिलाबाद, किनवट, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, त्यात तेलंगणा आणि महाराष्ट्र दोन्ही आहेत. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी खऱ्यापेक्षा कमी दिसते. रिपोर्ट ‘चांगला’ आणि शुगर मात्र चढलेली, असे होऊ शकते. घरात सिकलसेल असल्यास ते डॉक्टरला आधी सांगावे, म्हणजे उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या शुगरवरून औषध ठरवता येते.

उपास, रोजे आणि जत्रा

नवरात्राचे नऊ दिवस, एकादशी, श्रावण सोमवार, रमजानचे रोजे. शुगरच्या पेशंटने यांआधी डॉक्टरला विचारावे. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना बहुधा वेळ बदलून उपास जमतो. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचा डोस बदलावा लागतो. साबुदाणा आणि बटाटा खाऊन केलेल्या उपासात शुगर उतरण्याऐवजी चढते, हेही ध्यानात ठेवावे. केसलापूरच्या नागोबा जत्रेला किंवा माहूरला जाताना गोळ्या, चिठ्ठी आणि खिशात साखरेची पुडी सोबत असावी.

नेहमीचे प्रश्न

शुगर नॉर्मल आली, गोळी बंद करू का?
गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आली. वजन आणि आहार सुधारून काहींची गोळी खरोखर कमी होते, पण तो निर्णय तपासणीनंतर डॉक्टरचा.

जडीबुटीचे चूर्ण घेतले तर चालेल का?
‘शंभर टक्के गुण’ सांगून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत शुगरच्या अॅलोपॅथी गोळ्याच मिसळल्याचे अनेक देशांतल्या तपासण्यांत आढळले आहे. आत किती औषध आहे ते कुणालाच माहीत नसते. कारले, मेथी आहारात जरूर खावी, पण गोळीच्या जागी नव्हे.

सरकारी गोळी कमजोर असते का?
मूळ औषध आणि मिलिग्रॅम तेच असेल तर गोळी तीच. जनऔषधी केंद्रातही ती कमी दरात मिळते. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

दिवस गेले असतील तर?
गोळी अचानक बंद न करता लगेच डॉक्टरला दाखवावे. गरोदरपणात शुगर ताब्यात असणे आई आणि बाळ दोघांसाठी गरजेचे आहे.

एक वही, एक पिशवी

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून काढून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. सोयरिकी मात्र पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर राहिल्या. त्यामुळे दोन राज्यांत दवाखाना करणे इथे चालूच राहणार. त्यासाठी दोन गोष्टी पुरेशा आहेत. एक वही, जिच्यात औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम, वेळ, शेवटचे क्रिएटिनिन आणि शेवटची शुगर मराठीत लिहिलेली. आणि एक पिशवी, जिच्यात घरातली सगळी पाकिटे, रिकामी असली तरी. डॉक्टर आदिलाबादचा असो की नांदेडचा, खुर्चीवर बसल्या बसल्या ती पिशवी त्याच्या टेबलावर रिकामी करावी.

(सूचना : ही माहिती सर्वसाधारण जनजागृतीसाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे हे डॉक्टरच्या सल्ल्यानेच करावे.)